पोस्त की बोनस?

(दहावी १९८२ च्या तुकडीच्या चाळीस वर्षांनंतरच्या स्नेहमेळाव्यात, २०२२ साली, शाळेच्या सभागृहात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांचा फोन आला तेव्हा त्यांनी दोनच अटी घातल्या. एक, नोकरीतल्या अनुभवावर बोलायचं. दुसरी, जेवणाच्या आधी संपवायचं. खालून रश्श्याचा वास यायला लागलाय, त्यामुळे दुसरी अट मी विसरणार नाही.

चौतीस वर्षं मी कारखान्याच्या ऑफिसात काढली. आधी टाइम ऑफिसात कारकून, मग पगार विभागात, मग पर्सोनेल ऑफिसर. आता त्याला एचआर म्हणतात. लोकांच्या पगारपत्रकात आयुष्य गेलं. त्या पगारपत्रकातला एकच शब्द आज घेतो: बोनस.

हाच का, तर गेल्या आठ दिवसांत आपल्या ग्रुपवर तो तीनदा आला. एका मैत्रिणीने लिहिलं, "छप्पन्न झाली, दोन ऑपरेशनं झाली, आता पुढचं सगळं आयुष्य बोनस." एका मित्राने, ज्याला शेअरबाजाराचा नाद आहे, कुठल्याशा कंपनीने एकास एक बोनस दिला म्हणून पेढ्यांचा फोटो टाकला. आणि तिसरा शब्द आपल्या समितीच्या पत्रात आला. शाळेच्या वॉचमनना आणि सफाईच्या बायकांना आपल्या निधीतून 'दिवाळी बोनस' म्हणून पाकिटं द्यायची आहेत. शब्द एकच, अर्थ तीन. तिसऱ्यावर मला थोडं भांडायचं आहे, पण ते शेवटी.

सरांना आठवेल की नाही, मला माहीत नाही. नववीत सरांनी शेकडेवारी शिकवताना फळ्यावर ८.३३ टक्के लिहिलं आणि विचारलं, "हे असलं वाकडं टक्के कुठून आलं?" वर्गातली हुशार मुलं वहीत आकडेमोड करायला लागली. मागच्या बाकावरचा आपला एक मित्र, ज्याला गणितात कधी पस्तीसच्या वर मिळाले नाहीत, तो उभा न राहताच म्हणाला, "सर, एक पगार." सर क्षणभर थांबले आणि म्हणाले, "बरोबर. शंभर भागिले बारा." त्या मुलाला भागाकार येत नव्हता. त्याच्या घरात दर दिवाळीला तो आकडा येत होता. वर्षाच्या बारा पगारांचे शंभर भाग केले, तर एक पगार म्हणजे ८.३३. आपल्या वर्गातल्या निम्म्याहून जास्त मुलांचे वडील गिरणीत होते. आपल्याला हा आकडा पाढ्यासारखा पाठ होता.

बोनस हा शब्द मुळात लॅटिन. अर्थ एवढाच, 'चांगलं'. अठराव्या शतकात लंडनच्या शेअरबाजारातल्या लोकांनी तो 'ठरल्यापेक्षा वरचं काही' या अर्थाने उचलला. इंग्रजी शब्दकोशात आजही पहिला अर्थ तोच आहे: द्यायला बांधील नसताना दिलेलं जास्तीचं.

आपल्याकडे या अर्थाला जुना शब्द होता. पोस्त. दिवाळीचं पोस्त. घरगड्याला, धोब्याला, पोस्टमनला दिवाळीत जे हातावर ठेवायचे ते पोस्त. आमचे एक नातेवाईक गिरगावात राहायचे, काळबादेवीच्या एका पेढीवर दिवाणजी होते. त्यांना दिवाळीत शेठजी बोलवायचे, एक पाकीट आणि मिठाईचा पुडा द्यायचे. पाकिटात किती, ते घरी येऊन उघडेपर्यंत ठाऊक नसायचं. कमी निघालं तर बोलायचं नाही, जास्त निघालं तर शेठजींच्या मुलांना आशीर्वाद द्यायचे. ते त्याला 'बोनस' म्हणायचे, पण होतं ते पोस्तच. देणाऱ्याच्या मर्जीवर.

लालबाग-परळला हाच शब्द आला तेव्हा त्याचं काय झालं, ते बघा.

पहिल्या महायुद्धात मुंबईच्या गिरण्यांना अफाट नफा झाला आणि महागाईही भडकली. मालकांनी पगारावर युद्धभत्ता म्हणून काही टक्के द्यायला सुरुवात केली, आणि १९१९ पासून सलग चार वर्षं एक महिन्याचा पगार बोनस म्हणून दिला. मग मंदी आली. १९२३ सालचा बोनस मिळणार नाही, अशी नोटीस गिरण्यांत लागली. मालकांच्या दृष्टीने त्यात काही चूक नव्हती. खुशीने दिलं होतं, खुशीने बंद केलं. पण सलग चार दिवाळ्या घरात जो पगार आला त्यावर लोकांनी गावच्या घराची कौलं घातली होती, मुलींची लग्नं ठरवली होती. जानेवारी १९२४ मध्ये संप झाला. दीड लाखाच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि दोन महिन्यांहून अधिक काळ मुंबईच्या गिरण्या थंड होत्या. सरकारने मुख्य न्यायमूर्ती सर नॉर्मन मॅक्लिऑड यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. समितीने निकाल दिला की कामगारांचा बोनसवर हक्क नाही. रूढीने नाही, कायद्याने नाही, न्यायबुद्धीनेही नाही. कामगार हरले, हात हलवत कामावर गेले.

आपल्या ग्रुपवर दर दिवाळीला एक मेसेज फिरतो. इंग्रजांनी आठवड्याचा पगार महिन्यावर आणला, बावन्न आठवड्यांचे तेरा महिने व्हायचे त्याचे बारा झाले, म्हणून तेरावा पगार १९४० साली बोनस म्हणून सुरू झाला, असा. मित्रांनो, तो पुढे पाठवू नका. मुंबईच्या गिरण्यांत पगार त्याच्या कितीतरी आधीपासून महिन्याचाच होता, आणि बोनसवरचा मोठा संप १९२४ चा, म्हणजे त्या मेसेजच्या सोळा वर्षं आधीचा. बोनस कुठल्या इंग्रज साहेबाच्या हिशोबाच्या दुरुस्तीतून आलेला नाही. तो हरलेल्या संपातून आला आणि मिळायला पुढे चाळीस वर्षं लागली.

त्या चाळीस वर्षांचा टप्पा थोडक्यात सांगतो. १९५० साली मुंबईच्या गिरणी मालकांचा संघ आणि राष्ट्रीय मिल मजदूर संघ यांच्यातल्या वादात कामगार अपील न्यायाधिकरणाने एक सूत्र घालून दिलं. नफ्यातून यंत्रांचा घसारा काढा, जुनी यंत्रं बदलायला पैसे बाजूला ठेवा, कर भरा, भांडवलावर सहा टक्के द्या. त्यानंतर जे उरेल त्यात कामगाराचाही वाटा आहे, कारण तो नफा भांडवल आणि श्रम दोघांनी मिळून कमावलाय, आणि कामगाराला मिळणारा पगार नीट जगायला पुरेल एवढा नाही. समितीने १९२४ साली जो दावा फेटाळला होता, तोच इथे मान्य झाला. मग १९६१ साली मेहेर यांचा बोनस आयोग नेमला गेला, आणि १९६५ साली बोनस कायदा आला. नफा असो वा तोटा, किमान चार टक्के. जास्तीत जास्त वीस. वीस किंवा अधिक माणसं जिथे काम करतात त्या सगळ्या ठिकाणी. १९७२ मध्ये चाराचे ८.३३ झाले. आणीबाणीत, १९७५ साली, पुन्हा चारावर आणले. १९७७ मध्ये सरकार बदललं आणि परत ८.३३ झाले. सरांनी फळ्यावर लिहिलेला आकडा म्हणजे ही सगळी चढउतार.

म्हणून सांगतो, या शब्दाचा अर्थ शब्दकोशवाल्यांनी बदलला नाही. तो या परिसरातल्या माणसांनी बदलला. लंडनमध्ये बोनस म्हणजे वरचं. काळबादेवीच्या पेढीवर बोनस म्हणजे पोस्त. लालबागला बोनस म्हणजे आपला राहिलेला पगार.

घरात त्याचा अर्थ काय होता, ते तुम्हाला सांगायला नको, पण आपली मुलं ही स्मरणिका वाचतील, त्यांच्यासाठी सांगतो. माझे वडील साचेखात्यात विणकर. बोनसच्या दिवशी आई दुपारपासून दारात. वडील आले की पैसे आधी देव्हाऱ्यापुढे, मग आईच्या पदरात, आणि मग यादी. पहिला वाणी. वर्षभराची उधारी त्या दिवशी मिटायची. मग खानावळीचे, कारण आमच्या खोलीत गावचे दोन काका राहायचे आणि ते जेवायला कोपऱ्यावरच्या बाईकडे जायचे. मग गावाला मनिऑर्डर. पोस्टात त्या आठवड्यात रांग रस्त्यावर यायची. मग कापड. एका ताग्यातून माझा शर्ट, धाकट्याचा शर्ट आणि उरलेल्यात बहिणीचा फ्रॉक. गणपतीत, दिवाळीत आम्ही तिघं एकत्र उभे राहिलो की बॅण्डवाले वाटायचो. सगळं झालं की चिवडा गल्लीतून पुडा, आणि जमलं तर भारतमाताला सिनेमा. आठ दिवसांत बोनस संपायचा. पण त्या आठ दिवसांत बाप ताठ चालायचा. वाण्याच्या दुकानात मान वर करून उभा राहायचा.

आणि १९८१ ची दिवाळी. कामगारांची मागणी वीस टक्क्यांची होती. मजदूर मंझिलमध्ये करार झाला तो त्याच्या खाली, गिरणीगणिक कमीजास्त. काही गिरण्यांत लोकांनी तेव्हाच काम थांबवलं, आणि त्यातले काही घाटकोपरला डॉक्टर दत्ता सामंतांच्या घरी गेले. पुढे मागण्या वाढत गेल्या. पगारवाढ, बदलीवाल्यांना कायम करणं, मुंबई औद्योगिक संबंध कायदा रद्द करणं. १८ जानेवारी १९८२ ला अडीच लाख माणसं संपावर गेली. संप अधिकृतपणे कधीच मागे घेतला गेला नाही. इतिहासाच्या पुस्तकात कारणं बरीच लिहिलेली असतात, पण ठिणगी बोनसची होती.

आपल्यासाठी त्यात एक गोष्ट आहे जी मला फार उशिरा लक्षात आली. आपले दहावीचे फॉर्म दिवाळीच्या आसपास भरले गेले होते. म्हणजे माझ्या परीक्षेची फी त्याच बोनसमधून गेली, ज्याला वडील "हा बोनस नाही, ही भीक आहे" म्हणाले होते. मार्चमध्ये आपण परीक्षेला बसलो तेव्हा संपाला दोन महिने होत आले होते. भोंगे वाजायचे बंद झाले होते. मला सकाळी उठवायला घड्याळ नव्हतं, पहिल्या पाळीचा भोंगा होता. भूगोलाच्या पेपरला मी उशिरा पोहोचलो तो त्यामुळे. बाई दारात उभ्या होत्या, एक शब्द बोलल्या नाहीत, हाताला धरून बाकावर नेऊन बसवलं. बाई, आज चाळीस वर्षांनी त्याचे आभार मानतो.

आणि बाई, सर, तुमच्याशी या शब्दाचं एक वेगळंच नातं आहे. पुढे नोकरीत कायदा वाचला तेव्हा बत्तिसाव्या कलमापाशी मी थांबलो. बोनस कायदा कोणाला लागू नाही, त्याची ती यादी आहे. त्यात विद्यापीठं आणि शिक्षणसंस्था आहेत. आमच्या बापांच्या बोनसचं गणित आम्हाला शिकवणाऱ्या तुम्हाला स्वतःला या कायद्याने कधी बोनस मिळू शकत नव्हता. त्याच यादीत आयुर्विमा महामंडळाचे कर्मचारी आहेत. एलआयसी पॉलिसीवाल्याला बोनस देते, पण तिचे कर्मचारी बोनस कायद्याच्या बाहेर. महानगरपालिकाही त्यातच. म्हणून वर्तमानपत्रात मथळा येतो 'पालिका कर्मचाऱ्यांना दिवाळी बोनस', आणि आदेशात शब्द असतो 'सानुग्रह अनुदान'. अनुग्रह म्हणजे कृपा. रक्कम मोठी असेल, पण शब्द कृपेचा आहे. दरवर्षी नव्याने मागावी लागते, दरवर्षी नव्याने जाहीर होते. आपल्यातले जे परळच्या वर्कशॉपमध्ये लागले त्यांना मात्र रेल्वेचा उत्पादकतेशी जोडलेला बोनस मिळतो. अलीकडे बरीच वर्षं अठ्ठ्याहत्तर दिवसांचा. १९७४ च्या रेल्वे संपातली ती एक मागणी होती, संप मोडला, आणि पाच वर्षांनी मागणी मान्य झाली. इथेही आधी हार आणि मग हक्क.

शेअरवाल्या मित्रासाठी दोन वाक्यं. कंपनी एकास एक बोनस शेअर देते म्हणजे काय, तर तिच्या गंगाजळीतले, म्हणजे तुझेच पैसे भांडवलाच्या खात्यात टाकते. एका भाकरीचे दोन तुकडे केले. तुकडे दोन झाले, भाकरी तेवढीच. भाव त्याच प्रमाणात उतरतो. पेढे वाट, पण हिशोब ठेव.

आता नोकरीतला अनुभव. त्यासाठीच मला उभं केलंय.

साल १९९६. मी तेव्हा ठाण्याच्या बाजूच्या एका कारखान्यात पर्सोनेल ऑफिसर झालो होतो. करी रोडहून सकाळची लोकल पकडायचो. पॅकिंग खात्यात बरीच माणसं कंत्राटदाराची होती. त्यात एक दिवस आमच्याच चाळीतले, शेजारच्या खोलीतले काका दिसले. वडिलांबरोबर साचेखात्यात होते. संपानंतर गिरणीत परत घेतलं नाही. भाजी विकली, गावाला जाऊन आले, आणि आता पंचावन्नाव्या वर्षी खोकी बांधत होते. लोकांसमोर ते मला साहेब म्हणायचे. मला लाज वाटायची आणि, खरं सांगतो, थोडी सवयही झाली होती.

दिवाळी आली. कायम कामगारांचा बोनस वीस टक्क्यांनी निघाला. कंत्राटी माणसांना कंपनीतर्फे मिठाईचा डबा आणि एकशे एक रुपयांचं पाकीट. ती पाकिटं मी माझ्या हाताने वाटली. वाटताना वहीवर सही घ्यायची होती, आणि वहीच्या डोक्यावर मीच शीर्षक लिहिलं होतं: 'दिवाळी बोनस'.

काकांनी चष्मा लावला, शीर्षक वाचलं, आणि हळूच विचारलं, "बाळा, हे पोस्त हाय का बोनस?"

मी म्हणालो, "काका, तुमच्या बोनसचं कंत्राटदाराला विचारा. हे कंपनीकडून."

"मग पोस्त लिही," ते म्हणाले. "बोनसवर मी सही करनार न्हाई. बोनस अजून यायचाय."

त्यांनी सही केली नाही. पाकीट टेबलावर ठेवून गेले. डबा मात्र घेतला. नातवंडं होती घरात.

मला कायदा माहीत नव्हता असं नाही. वर्षात तीस दिवस काम केलं की माणूस बोनसला पात्र होतो. कंत्राटदार सहा महिन्यांनी नाव काढायचा, आठ दिवसांनी तेच नाव पुन्हा लावायचा. त्याने बोनस बुडत नाही, कामाच्या दिवसांच्या प्रमाणात द्यावाच लागतो. त्याच्याकडे वीसच्या कितीतरी वर माणसं होती. काकांचा महिन्याचा पगार दीड हजाराच्या आसपास. म्हणजे कमीत कमी दीड हजार रुपये त्यांचे निघत होते, आणि मी एकशे एक रुपयांवर बोनस लिहून सही मागत होतो. सही झाली असती तर उद्या कोणी विचारल्यावर दाखवायला वही तयार होती. मी ते मुद्दाम केलं होतं का? त्या वेळी विचारलं असतं तर नाही म्हणालो असतो. पण शीर्षक मीच लिहिलं होतं.

वरिष्ठांकडे गेलो. ते म्हणाले, "कंत्राटदाराचा प्रश्न आहे, आपण कशाला त्यात?" मी परत येऊन जागेवर बसलो. त्या वर्षी मी दुसरं काहीही केलं नाही. पुढच्या वर्षी सरकारी कामगार अधिकारी तपासणीला आले, त्यांनी कंत्राटदाराची बोनसची वही मागितली, ती नव्हती. मग धावपळ झाली आणि कंत्राटाच्या अटींत बोनसची अट मी घातली. ऑफिसात माझं कौतुक झालं. पण ती अट माझ्या धैर्याने आली नाही, वही मागणारा माणूस आला म्हणून आली. तोपर्यंत काका काम सोडून साताऱ्याकडे गावी गेले होते. त्यांचे आधीच्या वर्षाचे पैसे त्यांना मिळाले नाहीत. वडिलांनी मला कधी याबद्दल विचारलं नाही. त्यांना कळलं होतं, एवढं मला माहीत आहे.

तर आता समितीच्या पत्राकडे येतो. पाकिटं द्यायला माझा विरोध नाही, माझे पैसे मी कालच भरलेत. पण पाकिटावर 'बोनस' लिहू नका. 'दिवाळी भेट' लिहा, 'माजी विद्यार्थ्यांकडून' लिहा, हवं तर 'पोस्त' लिहा. चांगला शब्द आहे, आपुलकीचा आहे. बोनस हा शब्द त्या माणसांच्या दुसऱ्या पैशांसाठी मोकळा ठेवा.

कारण शाळेचे वॉचमन आणि सफाईच्या बायका शाळेच्या नोकरीत नाहीत, कंत्राटदाराच्या आहेत. शाळा कायद्याच्या बाहेर असेल, कंत्राटदार नाही. वीस माणसं त्याच्याकडे असली की तो आत आला. आज एकवीस हजारांपर्यंत पगार असलेला प्रत्येक जण पात्र आहे, आणि हिशोब सात हजार किंवा किमान वेतन, यातलं जे जास्त असेल त्यावर होतो. आर्थिक वर्ष संपल्यापासून आठ महिन्यांत पैसे हातात पडले पाहिजेत. 'सी' नमुन्याची एक वही असते, तिच्यात प्रत्येकाचं नाव आणि रक्कम असते. माझी सूचना अशी की आपल्यातल्या तिघांनी पुढच्या आठवड्यात मुख्याध्यापकांची परवानगी घेऊन कंत्राटदाराकडे जायचं आणि भांडण न करता ती वही बघायला मागायची. एक नाव माझं लिहून घ्या. वही असेल तर चहा पिऊन येऊ. नसेल तर ती कशी करायची ते मी शिकवीन, माझं आयुष्य त्यातच गेलंय.

आणि आपल्यातल्या ज्यांची स्वतःची वर्कशॉप, हॉटेलं, दुकानं आहेत, त्यांनाही मैत्रीच्या हक्काने सांगतो. घरी गेल्यावर आपल्याकडची माणसं एकदा मोजा. कंत्राटदाराचीही मोजा. आपण सगळे त्या ८.३३ वर वाढलोय.

राहिली आपली मैत्रीण, आयुष्य बोनस म्हणणारी. बाई गं, तुला दटावायचा मला अधिकार नाही. पण तू म्हणतेस त्या अर्थाने बोनस म्हणजे फुकटात मिळालेलं, कोणीतरी खुशीने टाकलेलं. तू लालबागची आहेस. दोन ऑपरेशनांनंतर सकाळी उठून पोळ्यांची ऑर्डर पुरी करतेस. हे वर्ष तुला कोणी पोस्त म्हणून दिलेलं नाही. ते तुझ्या खात्यात निघत होतं.

सर, वेळ संपली. रश्श्याला उकळी आलेली दिसते. पुढच्या रविवारी सकाळी दहाला शाळेच्या फाटकापाशी मी उभा असेन. अजून दोघं हवेत. जेवताना नाव सांगा.